संत्र्याची गाडी सीमेपलीकडे : कागद आधी, तोडणी मागून

वरुड-मोर्शी आणि काटोल-नरखेडच्या पट्ट्यात दर हंगामात एक वाक्य कानावर पडतं : "भाऊ, गाडी तर भरू द्या, कागद मागून होऊन जातेत." मागून होत नाहीत. गाडी पश्चिम बंगालमध्ये बांगलादेशच्या सीमेवरच्या पेट्रापोलला पोचते, पार्किंगमध्ये उभी राहते आणि ताडपत्रीखाली संत्रा गरम होत जातो. दोन दिवसांत खालच्या क्रेटमधून रस गळायला लागतो.

पूर्वी सीमेवरच्या साहेबासमोर उभं राहून, अर्ज देऊन, हातापाया पडून चूक दुरुस्त करता यायची. आता ती वाट बरीच बंद झाली आहे. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे आणि भारत व बांगलादेश दोघांनीही त्याला २०१६ मध्येच मान्यता दिली होती. आता आपल्याकडे सीमाशुल्काची कागदपत्रं संगणकावर आहेत, आणि कोणती गाडी उघडून बघायची हेही जोखमीच्या निकषांवर संगणकच सुचवतो. ज्याचे सगळे कागद एकच गोष्ट बोलतात त्याला याचा मोठा फायदा होतो. ज्याचं बिल एक बोलतं आणि प्रमाणपत्र दुसरं, त्याची गाडी बाजूला निघते. म्हणजे चूक होते वरुडच्या टेबलावर आणि दिसते ती हजारावर किलोमीटर दूर.

हा लेख पहिल्यांदा स्वतःच्या नावाने रस्त्याने बांगलादेशला संत्रा पाठवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी आणि गटांसाठी आहे. समुद्रमार्गे दुबईला पाठवणाऱ्यांना टप्पा १, २, ४ आणि ९ जवळपास तसेच लागू पडतील.

## टप्पा १ : तोडणीच्या तीन महिने आधी – नोंदण्या

अंबिया बहाराचा माल ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघणार असेल तर हे काम जुलैत सुरू करा. मृग बहारासाठी दिवाळी संपताच बसा.

आयात-निर्यात कोड. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो. शुल्क ५०० रुपये, आणि कोड म्हणजे कंपनीचा पॅन क्रमांकच. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नंतर. हा कोड दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो, माहितीत काडीचाही बदल नसला तरी. नाही केला तर तो निष्क्रिय होतो. पुन्हा चालू करता येतो, पण तो बंद आहे हे कळतं ऐन धामधुमीत, शिपिंग बिल म्हणजे सीमाशुल्काकडे द्यायची निर्यातीची घोषणा भरताना.

अपेडाची नोंदणी. ताजी फळं अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या, यादीत येतात, म्हणून त्यांचं नोंदणी-सदस्यत्व प्रमाणपत्र घ्या.

बँक. इथे गावाकडची मंडळी हमखास फसतात. तुमच्या कंपनीचं खातं जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेत असेल तर त्याचा इथे उपयोग नाही. परकीय चलनाचा व्यवहार करायला अधिकृत असलेली बँक लागते. तालुक्याची शाखा हे काम बहुतेक वेळा नागपूर किंवा अमरावतीच्या शाखेमार्फत करते, म्हणून शाखाधिकाऱ्याला पहिल्याच भेटीत सरळ विचारा : "निर्यातीचे कागद कोणत्या शाखेत जातील आणि तिथे कोणाशी बोलायचं?" त्या बँकेकडून १४ अंकी एडी कोडचं, म्हणजे अधिकृत शाखेच्या क्रमांकाचं, पत्र घ्या आणि आइसगेट या सीमाशुल्काच्या पोर्टलवर नोंदवा. परतावा जमा होणारं खातंही त्याच वेळी नोंदवा.

जीएसटी. ताज्या संत्र्यावर कर नाही. त्यामुळे निर्यातीसाठी हमीपत्र द्यावं लागत नाही आणि टॅक्स इन्व्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय निघतं. ई-वे बिलातूनही ताज्या फळांना सूट आहे, पण गाडीसोबत बिलाची प्रत असू द्या. रस्त्यात चार राज्यं लागतात.

डिजिटल सही आणि ओटीपी. नोंदणीला कोणाचा मोबाइल द्यायचा याचा विचार करा. आमच्या कंपनीने अध्यक्षांचा नंबर दिला होता. अध्यक्षांची बाग सातपुड्याच्या पायथ्याला, तिथे नेटवर्क नाही. ओटीपीसाठी एका पोराला मोटारसायकलवर पाठवून त्यांना रस्त्यावर आणावं लागायचं. दिवसभर कार्यालयात बसणाऱ्या माणसाचा नंबर द्या, फक्त तो कंपनीच्या नावाचा असावा.

> तपासा : पॅन, आयात-निर्यात कोड, बँक खातं, अपेडा आणि आइसगेट या पाचही ठिकाणी कंपनीचं इंग्रजी नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का? एकीकडे 'वरुड' डब्ल्यूने आणि दुसरीकडे व्हीने, एकीकडे 'लिमिटेड' पूर्ण आणि दुसरीकडे तीन अक्षरांत, असं असेल तर आजच दुरुस्त करा. मराठीत सगळं एकच वाटतं. बँकेला ती दोन वेगळी नावं वाटतात.

कस्टम ब्रोकर. त्याची सक्ती नाही, कागद स्वतःही भरता येतात. तरी पहिल्या दोन-तीन गाड्यांना पेट्रापोलला काम करणारा परवानाधारक ब्रोकर घ्याच. तुमच्या वतीने गाडीजवळ उभं राहणारा माणूस तिथे हवा. फक्त एक अट त्याला पहिल्या दिवशी सांगा : शिपिंग बिलाचा मसुदा आम्ही वाचून 'हो' म्हटल्याशिवाय दाखल करायचा नाही.

## टप्पा २ : मालाचं नाव आणि कोड

इथे सावकाश वाचा. नाकारल्या जाणाऱ्या कागदांचं मूळ बहुतेक वेळा याच ओळीत असतं.

आपण ज्याला संत्रा म्हणतो आणि जग ज्याला 'नागपूर ऑरेंज' म्हणून ओळखतं, तो वनस्पतिशास्त्राच्या आणि सीमाशुल्काच्या भाषेत ऑरेंज नाही, मँडरिन आहे : सिट्रस रेटिक्युलाटा. त्यांचा ऑरेंज म्हणजे आपली मोसंबी, सिट्रस सायनेन्सिस.

जागतिक सीमाशुल्क संघटनेने मालाची जी वर्गवारी केली आहे तिचे पहिले ६ अंक भारतात आणि बांगलादेशात सारखेच आहेत. त्यात मोसंबी ०८०५१० खाली येते आणि संत्रा ०८०५२१ खाली. भारताचा ८ अंकी कोड ०८०५२१००. पुढचे दोन अंक प्रत्येक देश आपापले ठरवतो, म्हणून खरेदीदाराचा पूर्ण कोड तुमच्यापेक्षा वेगळा दिसला तरी घाबरू नका. पहिले ६ मात्र जुळलेच पाहिजेत.

तीन चुका पुन्हा पुन्हा होतात :

१. 'ऑरेंज' शब्द बघून ०८०५१० टाकणं. कागदोपत्री तुम्ही मोसंबी पाठवत असता.

२. एखाद्या व्यापाऱ्याचं जुनं बिल समोर ठेवून ०८०५२० उतरवणं. २०१७ च्या सुधारणेत तो कोड फोडून मँडरिन, क्लेमेंटाइन आणि इतर असे वेगळे भाग झाले. आता ०८०५२० वर थांबणारा कोड चालत नाही.

३. बिलावर 'फ्रेश ऑरेंज', वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावर 'सिट्रस रेटिक्युलाटा' आणि पतपत्रावर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशाच्या हमीवर, तिसरंच काही.

आमच्या पहिल्या गाडीला तिसरी चूक नडली. बिल कंपनीच्या लेखनिकाने केलं, प्रमाणपत्राचा अर्ज कृषी पदवीधर मुलाने भरला, पतपत्राचा मसुदा खरेदीदाराने पाठवला. तिघांनीही आपापल्या परीने बरोबर लिहिलं होतं. तिघांचे कागद एकत्र ठेवून वाचले कोणीच नाहीत. गाडी तीन दिवस उभी राहिली आणि माल शेवटी मिळेल त्या भावात द्यावा लागला.

उपाय सोपा आहे, फक्त तो आधी करावा लागतो. एक वाक्य ठरवा, जसं 'फ्रेश मँडरिन – नागपूर ऑरेंज – सिट्रस रेटिक्युलाटा', आणि तेच वाक्य कोडसह खरेदीदाराला पाठवा. त्याच्या आयात परवान्यावर आणि पतपत्रावर तेच येऊ द्या. मग तुमच्या प्रत्येक कागदावर तेच उतरवा. हे वाक्य छापून टेबलासमोर भिंतीवर चिकटवा. आमच्याकडे ते अजून चिकटलेलं आहे.

> सावध : पलीकडे कर कमी बसतो म्हणून कोणी वेगळा कोड टाकायला सांगितला तर ऐकू नका. मालाची खोटी घोषणा हा सीमाशुल्क कायद्याखाली गुन्हा आहे आणि शिपिंग बिलावर सही तुमची असते, सुचवणाऱ्याची नसते.

## टप्पा ३ : पलीकडची तयारी

आयात परवाना. बांगलादेशात वनस्पतिजन्य माल आणण्यासाठी तिथल्या कृषी विस्तार विभागाच्या वनस्पती संगरोध शाखेचा परवाना आयातदाराला माल निघण्याआधी घ्यावा लागतो. त्याची प्रत मागून घ्या आणि स्वतः वाचा. मुदत कधीपर्यंत आहे, प्रमाण किती, कोणत्या सीमेवरून परवानगी आहे आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावर कोणतं जादा निवेदन हवं, या चार गोष्टी खाली खूण करून ठेवा. "परवाना काढलाय दादा, काळजी नको" एवढ्यावर गाडी भरू नका.

पतपत्र. बांगलादेशचा आयातदार साधारणपणे पतपत्र, म्हणजे एलसी उघडतो. पतपत्राला बँक बांधलेली असते, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण बँक पैसे देते ते कागद बघून. संत्रा किती गोड होता याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पतपत्रांचे आंतरराष्ट्रीय नियम, यूसीपी ६००, सांगतात की व्यापारी बिलावरचं मालाचं वर्णन पतपत्रातल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. पतपत्रात वेगळं काही नसेल तर माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत गेले पाहिजेत.

एक बारीक गोष्ट, जी आम्ही पैसे घालवून शिकलो. पतपत्रात फक्त वजन दिलेलं असेल तर त्या वजनात ५ टक्के कमी-जास्त चालतं, मागितलेली एकूण रक्कम मात्र पतपत्राच्या रकमेपुढे जाता कामा नये. पण तिथे '८०० क्रेट' असा नग लिहिला असेल तर ही सवलत मिळत नाही. तोडणीच्या दिवशी पाऊस आला आणि ७८० क्रेटच भरले तर कागद नाकारायला बँकेला कारण मिळतं. म्हणून मसुद्यातच वजन किलोमध्ये मागा.

शुल्काचं गणित. बांगलादेशाने गेल्या काही वर्षांत संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आहे आणि त्याची झळ इथे बागेपर्यंत पोचली. शुल्क भरतो आयातदार, पण वसूल करतो आपला भाव पाडून. तिथलं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अर्थसंकल्प जूनमध्ये येतो. मे महिन्यात ठरवलेला भाव जुलैनंतर कोलमडू शकतो. करारात एक ओळ घाला : शुल्क वाढल्यास फरक कोण सोसणार.

उत्पत्ती प्रमाणपत्र. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात संत्र्याला या कोडखाली काही सवलत मिळते का, हे आयातदाराने त्याच्या सीमाशुल्क कार्यालयातून तपासून सांगायचं. मिळत असेल तर डीजीएफटीच्या ऑनलाइन व्यवस्थेवरून प्रमाणपत्र काढा. बागेत पिकलेलं फळ पूर्णपणे इथेच तयार झालेला माल ठरतं, त्यामुळे निकषाचा रकाना अवघड नाही.

जबाबदारी कुठे संपते. एफओबी आणि सीआयएफ हे शब्द जहाजाच्या व्यवहाराचे. रस्त्याने पाठवताना एफसीए (माल वाहतूकदाराच्या हवाली करेपर्यंत), सीपीटी (ठिकाणापर्यंतचं भाडं आपलं) किंवा डीएपी (ठिकाणी पोचेपर्यंत) या अटी वापरा आणि पुढे ठिकाण लिहा : आपल्या बाजूचं पेट्रापोल की त्यांच्या बाजूचं बेनापोल. मधल्या काही शे मीटरच्या पट्ट्यात नासलेला माल कोणाचा, हे त्या एका शब्दावर ठरतं.

## टप्पा ४ : बागेतून पॅकिंगपर्यंत

फवारणीची वही ठेवा. कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती प्रमाणात. डब्यावर लिहिलेला तोडणीपूर्वीचा थांबण्याचा काळ पाळा आणि त्या बागेतला माल त्याआधी घेऊ नका. गटातल्या वीस बागांपैकी एकाने घाई केली तरी गाडी सगळ्यांची अडकते.

वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रासाठी केंद्राच्या वनस्पती संगरोध विभागाच्या पोर्टलवर अर्ज करायचा. तपासणी भरलेल्या गाडीची होत नाही, पॅकिंगच्या जागी होते, म्हणून अधिकाऱ्यांची वेळ आधी ठरवा. ते येतील तेव्हा मेणाचा थर दिलेला, प्रतवारी केलेला माल वेगळा रचलेला असावा. कोळशीचा काळा थर राहिलेली फळं, पानं आणि माती चिकटलेले क्रेट बाजूला काढा. जमीन झाडून घ्या. हे दिखाव्यासाठी सांगत नाही. प्रमाणपत्रात लिहिलं जातं की या मालात कीड नाही, आणि पलीकडच्या तपासणीत क्रेटच्या तळाशी एक वाळकं पान आणि त्यावर किडीची अंडी सापडली तर ते विधान खोटं ठरतं.

अर्जात आयात परवान्यावरचं जादा निवेदन शब्दशः उतरवा. त्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहू नका.

> सावध : गाडीच्या तळाशी भाताचं तणस टाकायची आपली जुनी सवय. देशांतर्गत बाजाराला ते चालतं. सीमेपलीकडे तणस हाही वनस्पतिजन्य माल असतो आणि तुमचं प्रमाणपत्र फक्त संत्र्याचं असतं. तणसाऐवजी पुठ्ठा किंवा फोमच्या चादरी वापरा.

लाकडी पेट्या किंवा पॅलेट असतील तर त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा. या नियमाला आयएसपीएम १५ म्हणतात. उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहावं लागतं आणि ती मान्यताप्राप्त केंद्रावरच होते. गावच्या सुताराकडून ठोकून घेतलेल्या पेट्या यात बसत नाहीत. प्लास्टिक क्रेट वापरलेत तर हा प्रश्नच येत नाही.

## टप्पा ५ : वजन आणि कागदांचं मिलन

उदाहरण घेऊ. ८०० क्रेट, प्रत्येकात २० किलो संत्रा. निव्वळ वजन १६,००० किलो. रिकामा क्रेट १.८ किलोचा, म्हणजे क्रेटचं वजन १,४४० किलो. एकूण वजन १७,४४० किलो. हे तिन्ही आकडे पॅकिंग लिस्टवर वेगवेगळे लिहा. फक्त एकूण वजन लिहिलं तर पलीकडे शुल्क किलोवर बसताना प्लास्टिकचंही वजन धरलं जायचा वाद होतो.

रिकामा क्रेट खरंच १.८ किलोचा आहे का, हे दहा क्रेट काट्यावर ठेवून बघा. जुने, जाड क्रेट जास्त भरतात. संत्रा रस्त्यात पाणी सोडतो, म्हणून सीमेवरच्या काट्यावर वजन थोडं कमी येणारच. तेव्हा आपल्याकडे पुरावा हवा : निघताना धर्मकाट्यावर रिकाम्या गाडीची आणि भरलेल्या गाडीची अशा दोन पावत्या घ्या, दोन्हींवर गाडी क्रमांक आणि वेळ छापलेली असावी.

आता मिलन. बिल, पॅकिंग लिस्ट, आरोग्य प्रमाणपत्राचा मसुदा, उत्पत्ती प्रमाणपत्र, पतपत्र, आयात परवाना, सगळे एका टेबलावर मांडा. दोन माणसं बसवा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवून खूण करायची. एकट्याने वाचू नका, कारण लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. हा क्रम ठेवा :

- कंपनीचं नाव आणि पत्ता
- आयातदाराचं नाव आणि पत्ता
- मालाचं वाक्य आणि ६ अंक
- नग, निव्वळ वजन, एकूण वजन
- दर, चलन, एकूण रक्कम
- पतपत्राचा क्रमांक आणि तारीख
- सीमेचं नाव
- गाडी क्रमांक

गाडी क्रमांक शेवटी ठेवलाय, कारण तोच शेवटच्या क्षणी बदलतो. ट्रान्सपोर्टवाला सकाळी सांगतो की ती गाडी बिघडली, दुसरी पाठवतोय. तेव्हा सगळे कागद पुन्हा उघडा.

## टप्पा ६ : शिपिंग बिल

कायद्याच्या भाषेत जमिनीवरून जाणाऱ्या मालासाठी हे 'बिल ऑफ एक्स्पोर्ट' असतं, पण बोलण्यात सगळे शिपिंग बिलच म्हणतात. ब्रोकर ते आइसगेटवर दाखल करतो आणि कागद ई-संचित या सीमाशुल्काच्या ऑनलाइन व्यवस्थेवर चढवतो. मोबाइलवर तिरका फोटो काढून पाठवू नका. सपाट, स्वच्छ स्कॅन द्या, प्रत्येक कागदाची वेगळी फाइल, नावासह.

मसुदा आला की टप्पा ५ ची यादी घेऊन पुन्हा बसा. त्याशिवाय दोन रकाने खास बघा. एक, परताव्याच्या योजना : तुमच्या कोडला रोडटेपचा, म्हणजे निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या योजनेचा, दर असेल आणि लाभ घ्यायचा असेल तर तसा पर्याय शिपिंग बिलातच नोंदवावा लागतो. मागाहून आठवण झाली तर ते पैसे मिळवणं फार कठीण होतं. दोन, एडी कोड : ब्रोकरच्या संगणकात आधीच्या गिऱ्हाइकाचा राहिलेला नाही ना?

चूक राहूनच गेली तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती मागता येते. माल गेल्यानंतर मागितलेल्या दुरुस्तीला मात्र अट आहे : पुरावा म्हणून दिलेला कागद माल निघाला त्या वेळी अस्तित्वात असला पाहिजे. नंतर तयार केलेलं पत्र चालत नाही. म्हणून खरेदीदाराशी झालेला ई-मेल आणि मूळ करार जपून ठेवा.

## टप्पा ७ : दिवस उलटे मोजा

लोक तोडणीचा दिवस ठरवतात आणि पुढे मोजत जातात. उलट करा. सीमा पार करायचा दिवस ठरवा आणि मागे या.

बेनापोलला शुक्रवारी साप्ताहिक सुटी असते. गुरुवारी दुपारी पोचलेली गाडी राहिली तर थेट शनिवारवर जाते. म्हणून शनिवार ते मंगळवार या दिवसांत पोचेल असं बघा. सोमवारी पेट्रापोल हवं असेल तर गाडी गुरुवारी संध्याकाळी निघायला हवी. मग आरोग्य प्रमाणपत्राची तपासणी गुरुवारी सकाळी, पॅकिंग बुधवारी, तोडणी मंगळवार-बुधवारी, आणि शिपिंग बिलाचा मसुदा सोमवारीच तुमच्या हातात.

> तपासा : दुर्गापूजा, ईद आणि दोन्ही देशांच्या राष्ट्रीय सुट्या. दुर्गापूजेत पेट्रापोलचं काम काही दिवस थांबतं आणि ती नेमकी अंबिया बहाराच्या तोंडावर येते. सुटीनंतरच्या दिवशी साचलेल्या गाड्यांची रांग असते, तोही दिवस टाळा.

निर्यातीच्या गाडीला सीमेवर जाण्यासाठी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो. गाडी निघायच्या आधी ब्रोकरकडून स्लॉटची पावती मागा. नुसतं "होऊन जाईल" चालणार नाही. पलीकडे जायला चालकाला कार पास, म्हणजे गाडी सीमेपार नेण्याचा पास लागतो, त्यासाठी त्याचा परवाना, गाडीची नोंदणी, विमा आणि फोटो यांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पाकिटात बांधून द्या. चालकाला हे पाकीट हातात देताना एकदा उघडून दाखवा. त्याला बिचाऱ्याला दोन-तीन दिवस परमुलखात उभं राहावं लागतं. तिथे कोणाला फोन करायचा तो नंबर त्याच्या मोबाइलमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या.

## टप्पा ८ : गाडी अडलीच तर

पहिल्या तासात ब्रोकरला एकच प्रश्न : कोणत्या कागदावरच्या कोणत्या ओळीला हरकत आहे? "कस्टमने अडवली" हे उत्तर धरू नका. नेमकी ओळ कळली की निम्मं काम होतं.

*भारताच्या बाजूला अडली असेल* तर दुरुस्तीचा अर्ज तिथेच द्या. दुरुस्ती दोन दिवसांपेक्षा लांबणार असं दिसलं तर माल परत आत आणण्याची परवानगी मागून कोलकात्याच्या बाजारात विकण्याचा निर्णय वेळेत घ्या. तिथे याला 'बॅक टू टाउन' म्हणतात. हा निर्णय कोणी घ्यायचा, हे गाडी निघण्याआधीच संचालक मंडळात ठरवून ठेवा. आमच्या वेळी नऊ संचालकांची संमती घेता घेता संध्याकाळ झाली.

*पलीकडे अडली असेल* तर पुढाकार आयातदाराचा. त्याला व्यापार सुलभीकरण कराराची चार कलमं सांगा :

- कलम ७.९ : नाशवंत माल शक्य तितक्या लवकर सोडावा, तपासणीत त्याला प्राधान्य द्यावं, आणि मोठा उशीर झाल्यास लेखी विनंतीवर कारण कळवावं.
- कलम ५.३ : नमुना चाचणीत प्रतिकूल निकाल आला तर दुसऱ्या चाचणीची मागणी करता येते.
- कलम १०.८ : आरोग्याच्या नियमांमुळे नाकारलेला माल परत पाठवण्याची किंवा दुसरीकडे वळवण्याची मुभा.
- कलम ४ : सीमाशुल्काच्या निर्णयाविरुद्ध अपील.

बांगलादेशाने हा करार अल्पविकसित देश म्हणून स्वीकारला आहे आणि अशा देशांना कलमं टप्प्याटप्प्याने लागू करण्याची सवलत आहे. म्हणून गेटवर भांडणाचा सूर लावू नका. आयातदाराच्या लेटरहेडवर, विनंतीच्या भाषेत, कलमाचा उल्लेख करून, तारीख-वेळ घालून अर्ज द्या आणि पोच घ्या. ही पोच पुढे विम्याच्या आणि खरेदीदाराशी होणाऱ्या हिशेबाच्या कामी येते.

## टप्पा ९ : गाडी पार झाल्यावर

इथे लोक मिठाई वाटतात आणि फाइल बंद करतात. फाइल अजून उघडी आहे.

१. ब्रोकरकडून निर्यात मंजुरीची नोंद असलेलं शिपिंग बिल त्याच दिवशी मागा, आणि माल देशाबाहेर गेल्याची नोंद आइसगेटवर दिसते का ते आठवड्यात तपासा. ती नसेल तर परतावा अडतो.

२. कागदांचा संच २१ दिवसांची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात बँकेत द्या.

३. पैसे कंपनीच्या त्याच नोंदवलेल्या खात्यात, बँकेमार्फतच आले पाहिजेत. व्यापारी म्हणेल, "माझा माणूस नागपूरला रोख देतो." घेऊ नका. शिपिंग बिलाची नोंद बँकेच्या संगणकात उघडी असते आणि त्यासमोर परदेशातून आलेली रक्कम दिसली नाही तर पुढच्या हंगामात कंपनीला सावधगिरीच्या यादीत टाकलं जाऊ शकतं. रक्कम किती काळात यायला हवी ती मुदत बँकेकडून लेखी घ्या.

४. रक्कम आली की डीजीएफटीच्या पोर्टलवर ई-बीआरसी, म्हणजे बँकेत पैसे आल्याचं ऑनलाइन प्रमाणपत्र तयार करा आणि बँकेला ते शिपिंग बिल बंद करायला सांगा. बंद झाल्याचा पुरावा घ्या.

५. सगळा संच, फवारणीच्या वहीपासून धर्मकाट्याच्या पावतीपर्यंत, पाच वर्षं जपा. कार्यालयाच्या पत्र्याखालच्या कपाटात उंदीर लागतात. लोखंडी पेटी घ्या आणि स्कॅन वेगळे ठेवा.

वर्षभरात सीमाशुल्काचे किमान १० कागद, दर सहामाहीत किमान ५, झाले आणि कंपनीची सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून नोंदणी असेल तर अधिकृत आर्थिक चालक, म्हणजे एईओच्या पहिल्या दर्जासाठी अर्ज करता येतो. त्यात तपासणी कमी होते. अंबिया आणि मृग हे दोन्ही बहार पाठवणाऱ्या कंपनीला हे जमण्यासारखं आहे. त्यासाठी या हंगामातली प्रत्येक गाडी स्वतःच्या कोडवर पाठवा, दुसऱ्याच्या नाही, आणि पहिल्या शिपिंग बिलापासून एक वही घाला : बिल क्रमांक, तारीख, सीमा पार झाल्याची वेळ, पैसे आल्याची तारीख.